त्याच जागी पुन्हा जखम: भरलेला बेडसोअर परत का उघडतो?

"सिस्टर, परत फुटलं."

फोनवर एवढं ऐकलं की पुढचं मला साधारण कळतं. माकडहाडावरची जखम गेल्या महिन्यात भरली होती, वर कातडी धरली होती, घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली होती. आज सकाळी डायपर बदलताना तिथेच पुन्हा लाल, ओलं दिसलं. मग मलमांची चौकशी सुरू होते. नवीन काही आलंय का, शेजारच्या काकूंना कसल्याशा स्प्रेने गुण आला म्हणे. मी विचारते, "दुपारी दोन ते सहा आजोबा काय करतात?" पलीकडे दोन सेकंद शांतता.

वॉर्डात २२ वर्षं काढली, आता घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं बघते. पहिल्यांदा बेडसोअर, म्हणजे अंथरुणात हाडावर दाब राहून होणारी जखम, होतो तेव्हा कारणं पाच-सहा निघतात. पण तोच बेडसोअर त्याच जागी दुसऱ्या-तिसऱ्यांदा येतो, तेव्हा बहुतेक वेळा दिवसातला एखादा ठरावीक तास त्याच्या मुळाशी असतो. तो तास सापडला नाही तर मलम बदलत राहणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

एका घरचं सांगते. आजोबांची डावी बाजू पक्षाघाताने गेलेली, वजन ५२ किलो, जीभ जड पण डोकं तल्लख. पाच महिन्यांत तिसरी खेप. घरात हयगय म्हणावी तर ती कुठेच नाही. सूनबाईंनी फ्रिजवर तक्ता चिकटवलेला: आठला डावी कूस, दहाला पाठ, बाराला उजवी, दोनला पाठ, आणि प्रत्येक चौकोनात सही. पलंग भाड्याने आणलेला फाउलर, म्हणजे हँडलने पाठ आणि गुडघ्यांकडचा भाग उचलता येणारा, त्यावर एअर बेड. चार मलमं, दोन वेळा अँटिबायोटिक. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून जायचा, कूस बदलत राहा. ते बदलतच होते.

मी दुपारी बाराला गेले आणि सहापर्यंत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले.

साडेबाराला जेवण. ठसका लागू नये म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू जवळजवळ काटकोनात उभी केली. इथवर ठीक. जेवण संपलं, पण बाजू तशीच राहिली, कारण मग गोळ्या, मग पेपर, मग टीव्ही. मी आजोबांच्या कमरेच्या रेषेत पलंगाच्या लोखंडी कठड्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवला. पाऊण तासाने आजोबांची कंबर त्या पट्टीच्या चार बोटं खाली होती. मग मुलगा आला, मागून काखांत हात घातले आणि "बाबा, वर घेतो हं" म्हणत ओढून वर घेतलं. सहापर्यंत हे तीनदा झालं. तक्त्यावर मात्र दोनला "पाठ" आणि चारला "बसवले" अशा सह्या.

घसरताना आत काय होतं ते मी घरच्यांना त्यांच्याच हातावर दाखवते. तळहात टेबलावर घट्ट दाबा आणि न उचलता पुढे रेटा. कातडी टेबलाला धरून राहते, आतली हाडं पुढे सरकतात. माकडहाडाशी हेच घडतं. चादर कातडीला धरून ठेवते, वजन हाडाला खाली नेतं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणून चपट्या होतात. वरून काही दिसत नाही, कारण बिघाड हाडालगत सुरू होतो. नुसता दाब वेगळा आणि ही ओढ वेगळी. ओढ असली की कमी दाबानेही नुकसान होतं, आणि भरलेली जखम आतून सुटते. वर काखेतून ओढलं की कातडी चादरीवर घासते, ते निराळंच.

उपाय साधा. फाउलर बेडला दोन हँडल असतात. आधी गुडघ्याकडचं फिरवा, मग पाठीकडचं. उतरवताना आधी पाठ, मग गुडघे. गुडघे आधी उचलले की पेशंटला खाली घसरायला जागाच उरत नाही. सेमी-फाउलरला पाठीचं एकच हँडल असतं, तिथे मांडीखाली उशी द्या. जेवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास उंच बसवायलाच हवं. ठसक्याचा पेशंट असेल, नाकातून नळी असेल, तर तिथे मी अजिबात सूट देत नाही, छातीत अन्न गेलं तर बेडसोअरचा विचार करायला कुणी उरणार नाही. पण ती वेळ संपली की पाठ ३० अंशांवर आणायची, आणि डॉक्टरांनी नळीसाठी वेगळा कोन सांगितला असेल तर तो पाळायचा. ३० अंश म्हणजे लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. ओळखायचं असं: पलंगाच्या पाठीचा भाग जेवढा लांब, त्याच्या निम्म्याने त्याचं वरचं टोक उचललेलं असलं की ३० अंश. म्हणजे ७० सेंटिमीटरची पाठ असेल तर टोक ३५ सेंटिमीटर वर. आणि वर सरकवायचं असेल तेव्हा पलंग आधी सपाट करा, दोघांनी दोन बाजूंना उभं राहा, कमरेखालची आडवी चादर गुंडाळून धरा आणि उचलून न्या. ओढू नका.

पण आधी खात्री करा: हा बेडसोअरच आहे ना?

निम्म्या घरांत मी इथेच अडकते. कमरेखाली लाल दिसलं की सरसकट बेडसोअर. खरं तर ओलीने सोललेली कातडी आणि दाबाने मेलेली कातडी यांत फरक करता येतो, आणि करायलाच हवा, कारण ओलीने सोललेली कातडी कुशी बदलून भरत नाही.

जागा बघा. दाबाची जखम हाडावर असते: माकडहाड, खुबा, टाच, घोटा, खांद्याचं पातं, बसायची हाडं. तिची कड बरीचशी ठळक असते. ओलीची सोलवटी नितंबांच्या फटीत आणि दोन्ही बाजूंना, आरशात पाहिल्यासारखी सारखी दिसते. उथळ असते, कड विस्कटलेली, भोवतालची कातडी पाण्यात बुडवून ठेवलेल्या बोटांसारखी पांढुरकी. आजूबाजूला सुटे लाल ठिपके असतील तर बुरशीचा संशय घ्या. एकाच पेशंटला दोन्ही असू शकतात. भिजलेली कातडी दाबाला लवकर हार खाते, त्यामुळे असतातच बऱ्याचदा.

ओलीची असेल तर चौकशी डायपरची. डायपर महाग, म्हणून "भरल्याशिवाय बदलायचा नाही" हा नियम मी कितीतरी घरांत पाहिला आहे. त्याच्या खाली आणखी एक पॅड, खाली रबर शीट. त्या रबरावर घाम साचतो आणि पाठ वाफेवर ठेवल्यासारखी होते. लघवी शोषली गेली तरी शौचाचा कातडीशी संबंध पाच मिनिटंही वाईट. कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, घासू नका, वर झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. सतत पातळ होत असेल तर आधी त्याचं कारण शोधा. कधीकधी वर घट्ट शौचाचा खडा अडकलेला असतो आणि बाजूने फक्त पाणी सुटत असतं, घरचे जुलाब समजून शौच बांधायच्या गोळ्या देत राहतात.

आणि जखम भलत्याच जागी असेल, मांडीच्या मागे, कानामागे, नाकाच्या शेंड्यावर, तर तिथे काय टेकतंय ते बघा. कॅथेटरची नळी मांडीखाली, ऑक्सिजनची नळी कानावर, मास्कची कड नाकावर. पेशंटच्या अंगाखालून मी आजवर टीव्हीचा रिमोट, गोळ्यांचं रिकामं पाकीट, केसांची पिन आणि जपमाळेचे मणी काढले आहेत.

जखम बघायची कशी

लालसर जागेवर बोट तीन सेकंद दाबा आणि उचला. पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर रक्तपुरवठा चालू आहे, त्या बाजूवरून लगेच उतरवा. दाबूनही लालच राहिलं तर ती पहिली स्टेज. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर ही खूण बरेचदा दिसतच नाही, हे नर्सिंगच्या वर्गात एका वाक्यात उरकतात आणि पुढे वॉर्डात त्याची किंमत पेशंट मोजतो. सावळ्या पाठीवर डोळ्यांपेक्षा हात कामाचा. हाताची मागची बाजू लावून शेजारच्या कातडीशी ताडून पाहा: जास्त गरम, की जास्त गार? घट्ट लागतंय की लिबलिबीत? पेशंट त्याच जागेवर कण्हतो का? खिडकीचा पडदा सरकवून बघा. पिवळ्या बल्बखाली मी कुठल्याही कातडीबद्दल मत देत नाही.

दुसरी स्टेज उथळ असते, तळ गुलाबी-लाल आणि ओला, किंवा पाण्याचा फोड. तळाला पिवळा चिकट थर दिसला तर ती दुसरी नव्हे, जखम अधिक खोल आहे. तिसऱ्यात चरबीपर्यंत, चौथ्यात स्नायू किंवा हाडापर्यंत. तळ पूर्ण पिवळ्या किंवा काळ्या थराने झाकलेला असेल तर स्टेज सांगताच येत नाही, तसंच लिहायचं. अंदाजाने आकडा टाकायचा नाही. टाचेवरची कोरडी, घट्ट बसलेली, भोवती सूज-लाली नसलेली काळी खपली काढू नका, खाली ती झाकणाचं काम करत असते.

आता नोंदीतली एक चूक, जी पुन्हा उघडणाऱ्या जखमेत हमखास होते. चौथ्या स्टेजची जखम भरत आली की ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये सांगतात, "आता स्टेज टू आहे." असं उलटं मोजायचं नसतं. गेलेला स्नायू परत येत नाही, खड्डा डागाच्या ऊतींनी भरतो. म्हणून ती "भरत असलेली स्टेज फोर". आणि बंद झाल्यावर तीच जागा पुन्हा उघडली, वरून पैशाएवढी का दिसेना, तरी ती पुन्हा चौथीच. नाईटच्या सिस्टरने "छोटीशी स्टेज टू" ऐकलं की ती तेवढीच काळजी घेणार. अमेरिकेतल्या एनपीयूएपी या बेडसोअरविषयीच्या तज्ज्ञमंडळाने २०१६ मध्ये "अल्सर" शब्द सोडून "इंज्युरी" घेतला आणि रोमन आकडे काढून साधे आकडे आणले, पण ही उलटी मोजणी वॉर्डांमधून अजून गेलेली नाही.

माप आठवड्यातून एकदा, एकाच कुशीवर, एकाच पद्धतीने. कूस बदलली की जखमेचा आकारही बदलतो. लांबी डोक्याकडून पायाकडे, रुंदी तिला काटकोनात, खोली निर्जंतुक स्वॅबने. कडेखाली पोकळी असेल तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहा, डोक्याकडे बारा: "दोन ते चारच्या दरम्यान दीड सेंटिमीटर." शेजारी कागदी पट्टी ठेवून फोटो काढा. "बरी वाटतेय" ही नोंद नव्हे.

आणि जांभळा डाग. कातडी अखंड, पण आतून मुका मार लागल्यासारखी जांभळी, काळपट. ही खोलवरची इजा आहे आणि ती वर यायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. म्हणून असा डाग दिसला की आजच्या ड्यूटीवरच्या ताईंना दोष देऊ नका, दोन-तीन दिवस मागे जा. एका आजींच्या बसायच्या हाडांवर बुधवारी सकाळी असे डाग दिसले. ब्यूरोतून आलेली मुलगी रडकुंडीला आली होती, ती मंगळवारपासूनच कामावर. रविवारी काय झालं होतं? नातीचा साखरपुडा. आजींना हौसेने हॉलवर नेलं होतं आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाच तास बसवलं होतं. हॉस्पिटलातही हेच: कॅज्युअल्टीतल्या स्ट्रेचरवरचे सहा तास, लांबलेलं ऑपरेशन, डायलिसिसची खुर्ची. डाग वॉर्डात दिसतो, मार दुसरीकडे लागलेला असतो.

ब्रेडन स्केल: बेरीज राहू द्या, ओळी वाचा

बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये मांडलेलं बेडसोअरच्या धोक्याचं हे मोजमाप आज आपल्याकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांच्या फाइलीत छापलेलं असतं. सहा गोष्टी: जाणीव, ओल, हालचाल किती करतो, स्वतः कूस किती बदलू शकतो, आहार, आणि घर्षण-ओढ. शेवटच्याला १ ते ३ गुण, बाकीच्यांना १ ते ४. बेरीज ६ ते २३, जितकी कमी तितका धोका जास्त. १८ किंवा कमी असली की सावध, १२ पर्यंत आली की मोठा धोका, ९ किंवा कमी म्हणजे फार मोठा. त्याआधीचं नॉर्टन स्केल १९६२ चं, पाच गोष्टींचं, तिथे १४ किंवा कमी असले की धोका.

अडचण स्केलची नाही, भरण्याची आहे. अ‍ॅडमिशनच्या रात्री एकदा भरतात, मग रोज कालचा आकडा आज उतरवतात. आहाराच्या रकान्यात न बघता ३. माझ्या या आजोबांच्या डिस्चार्ज कार्डावर १६ होते, म्हणजे "सौम्य धोका". सुटे गुण काढून पाहिले तर घर्षण-ओढीला १. त्या एका आकड्यात सगळं उत्तर होतं, पण बेरजेत ते बुडून गेलं. १६ गुणांचे दोन पेशंट सारखे नसतात. एकाला ओलीसाठी माणूस लावायला हवा, दुसऱ्याला पलंगाच्या हँडलसाठी. बेरीज किती चिंता करायची ते सांगते, काय करायचं ते सुटे गुण सांगतात.

तक्त्यावर सही, कुशीचा पत्ता नाही

दर दोन तासांनी कूस हा नियम इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलने रुजवला. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये तिथे मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला आणि रात्रंदिवस दोन तासांनी पेशंट वळवायला लावलं. ते बेडसोअर अटळच, असं मानण्याचे दिवस होते. नियम चांगला, पण दोन तास ही लक्ष्मणरेषा नाही. वळवल्यावर कातडीची लाली अर्ध्या तासात गेली तर अंतर बरोबर आहे. तशीच राहिली तर अंतर कमी करा. चांगल्या गादीवर, कातडी साथ देत असेल तर रात्री तीन-चार तासही चालतात, म्हणजे सूनबाईंनाही झोप मिळते. थकलेली सून पहाटे चारची सही सकाळी सातला करते, हे मला माहीत आहे. मी तिला बोलत नाही.

आजोबांच्या तक्त्यात मात्र एक ढळढळीत चूक होती, जी मी पहिल्या पाच मिनिटांतच पाहायला हवी होती. जखम माकडहाडावर आणि वेळापत्रकात "पाठ" दर चार तासांनी. जखम असलेली बाजू तक्त्यातून बादच करायची, जेवणापुरती सोडून.

कुशीचंही तसंच. पूर्ण आडवं, ९० अंशांवर झोपवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि महिन्याभरात तिथे नवीन जखम. ३० अंश तिरकं पुरतं: पाठीमागे लांबट उशी पाचरीसारखी सरकवा, दुसरी गुडघ्यांमध्ये. मग तळहात वर करून माकडहाडाखाली सरकवा. हाड हाताला टेकत नसेल तर जमलं. टेकत असेल तर उशी आणखी आत. टाचांसाठी उशी पोटरीच्या लांबीने द्या, म्हणजे टाच हवेत राहील. घोट्याखाली गुंडाळी दिली की टाचेवरचा भार तिथे जातो, इतकंच. हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवणं, मध्ये भोक असलेली रबरी रिंग देणं, हे दोन्ही बंद करा. रिंग कडेने रक्त अडवते आणि मधली जखम कोंडीत सापडते.

एअर बेड चालू आहे म्हणजे काम करतोय असं नाही

पंपाचा आवाज येतो म्हणून सगळे निर्धास्त. मी गेल्यावर आधी वरची थप्पी मोजते. आजोबांच्या एअर बेडवर गोधडी, त्यावर रबर शीट, त्यावर घडी केलेली चादर, त्यावर पॅड. हवेच्या नळ्या आलटून पालटून फुगतात-बसतात, त्याचा पाठीला पत्ताच लागत नव्हता. एक सैल सुती चादर पुरे, सुरकुती न ठेवता पण ताणूनही न बसवता.

मग माकडहाडाच्या बरोबर खाली, एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये हात घाला. हाड हाताला जाणवलं तर हवा कमी आहे, पेशंट खालच्या गादीवरच झोपलाय. पंपावरचा वजनाचा नॉब पेशंटच्या वजनाला लावा. फार कडक ठेवला तर फळीसारखा होतो. नळी पलंगाच्या कठड्यात चेमटली आहे का, एखादी रांग सगळ्या फेऱ्यांत चपटीच राहते का, पंप एकसारख्या दाबावर अडकून पडलाय का, हे दहा-पंधरा मिनिटं बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि वीज. गावाकडे दुपारी तीन तास लाईट जाते, गादी हळूहळू बसते, आणि नेमका तो वेळ कुणाच्याच तक्त्यात नसतो. लाईट गेली की कुशीचं अंतर निम्मं करायचं, एवढं फ्रिजवर लिहून ठेवा.

ताट

यावर लांबण लावत नाही, फक्त हिशोब देते. बेडसोअर असलेल्या पेशंटला किलोमागे दिवसाला साधारण १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि ३० ते ३५ कॅलरी लागतात. ५२ किलोला ६५ ते ७८ ग्रॅम प्रथिनं. आजोबांच्या पोटात जात होतं काय? तांदळाची पेज, वरणाचं वरचं पाणी, चहा-बिस्किट, रात्री दूधभात. ओढूनताणून २५ ग्रॅम. वजन घटलं तशी कवळी सैल झाली होती, चावता येईना म्हणून सगळं पातळ. एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांच्या कुटात सात, वाटीभर घट्ट वरणात सहाच्या आसपास. पेजेत कूट आणि दूध पावडर, वरण घोटून घट्ट, मधल्या वेळेला पनीर कुस्करून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशोब स्वतः लावू नका, डॉक्टरांना विचारा. साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

कपाटातल्या बाटल्या

जखमेत रोज बीटाडीन ओतणं, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढणं, स्पिरिट लावणं: जंतू मरतात आणि नव्याने धरलेल्या पेशीही मरतात. स्वच्छ, भरत्या जखमेला नॉर्मल सलाईनने धुणं पुरतं. पंख्याखाली उघडी ठेवून किंवा बल्बचा शेक देऊन वाळवू नका, जखम ओलसर वातावरणात भरते. हळद, टाल्कम पावडर, वाटलेल्या गोळ्या, काहीही आत भरू नका, नंतर ते काढताना माझे आणि पेशंटचे हाल होतात. आम्हाला शिकताना "बॅक केअर" म्हणून स्पिरिट लावून पाठ चोळायला आणि वर पावडर मारायला शिकवलं होतं, मीही वर्षानुवर्षं मन लावून चोळली. लाल झालेल्या हाडावर चोळू नये, खालच्या इजा झालेल्या ऊती त्याने आणखी तुटतात. खोबरेल तेल हलक्या हाताने, आजूबाजूच्या निरोगी कातडीला चालेल.

हाड दिसतंय, पू किंवा घाण वास येतोय, भोवती लाली पसरतेय, ताप आहे, पेशंट अचानक गुंगीत आहे, तर घरच्या ड्रेसिंगची वेळ संपली. त्याच दिवशी हॉस्पिटल. दाब, ओल, आहार सगळं सुधारूनही दोन-तीन आठवड्यांत जखम जराही लहान होत नसेल, किंवा बारीक छिद्रातून सतत पाणी येत असेल, तर आत हाडाला संसर्ग असू शकतो, तो वरून मलमाने जाणार नाही. वर्षानुवर्षं जुन्या जखमेची कड कोबीसारखी वाढायला लागली तर तुकडा तपासायला पाठवायलाच हवा.

कातडी आली, आता पुढे

भरलेल्या जागी मूळ कातडी येत नाही, डागाची कातडी येते. तिची ताकद हळूहळू वाढते, पण वाढून वाढून मूळच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते. पहिल्या काही आठवड्यांत तर ती फारच नाजूक असते, आणि नेमकं तेव्हाच घरात सगळं सैल पडतं. एअर बेड परत देतात, भाडं वाचतं. ताईंना सुट्टी. "आता बरंय ना, थोडं बसवू या." बसवा, पण मोजून: पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटं, मग झोपवून ती जागा बघायची, लाली राहिली नाही तर दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. चाकाच्या खुर्चीत ज्यांना हात चालतात त्यांनी दर पंधरा मिनिटांनी पुढे वाकून किंवा एका बाजूला कलून भार हलवायचा. माकडहाडाची तपासणी रोज एकदा, डायपर बदलतानाच, कायमची.

आजोबांकडे शेवटी अडलं ते टीव्हीवर. ३० अंशांवर आडवं राहून त्यांना पडदा दिसेना, कारण टीव्ही बुटक्या कपाटावर. मान उचलून बघायचे, वैतागायचे, आणि सगळे दमून पुन्हा पाठ उभी करायचे. सगळ्या दुपारीचं मूळ ते होतं, आणि मी पहिल्या दिवशी सहा तास बसूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुलाने सुताराला बोलावून टीव्ही भिंतीवर दीड फूट वर चढवला. जखम नवव्या आठवड्यात बंद झाली. चिकटपट्टी अजून कठड्यावर आहे. मधे गेले होते तेव्हा आजोबांनी उजव्या हाताने तिकडे बोट दाखवलं आणि सुनेला म्हणाले, "दोन बोटं घसरलोय बघ."